क्ष-किरण स्फोटक तारे आणि त्यांचा दृश्य प्रकाशातील प्रतिसाद : लहान दुर्बिणीच्या नोंदीवर किती विश्वास ठेवावा?

क्षितिजरेषा (धागाकर्ता)

गरुड तारकासमूहातील अक्विला एक्स-१ ही न्यूट्रॉन तारा आणि त्याचा कमी वस्तुमानाचा जोडीदार अशी जोडी साधारण वर्षातून एकदा उफाळून येते, हे येथील अनेकांना ठाऊक असेल. एरवी २१ व्या प्रतीपेक्षाही मंद असलेला (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) हा तारा अशा काळात सोळाव्या प्रतीच्या आसपास येतो आणि माझ्या ३० सेंटीमीटर व्यासाच्या परावर्तक दुर्बिणीच्या आवाक्यात येतो. मागच्या उद्रेकात मी सलग काही रात्री, फिल्टर न लावता, १० सेकंदांच्या छायाचित्रांची मालिका घेतली. त्यांपैकी एका रात्रीच्या प्रकाशवक्रात, म्हणजे वेळेनुसार तेज दाखवणाऱ्या आलेखात, असे दिसते की तारा एका छायाचित्रापासून पुढच्या छायाचित्रापर्यंत अचानक सुमारे १.४ पट तेजस्वी झाला आणि त्यानंतरच्या सात छायाचित्रांत हळूहळू मूळ पातळीवर आला. झपाट्याने चढ आणि संथ उतार हे क्ष-किरण स्फोटाचे पाठ्यपुस्तकी रूप आहे, त्यामुळे पाहताक्षणी हर्ष झाला, हे कबूल करतो.

अडचण अशी की त्या वेळी कोणताही क्ष-किरण उपग्रह या ताऱ्याकडे पाहत असल्याची नोंद मला सापडली नाही. माझे दोन प्रश्न आहेत. क्ष-किरणांचा पुरावा नसताना केवळ दृश्य प्रकाशातील नोंदीवरून हा स्फोट होता असे म्हणता येईल का? आणि तसे म्हणता येत नसेल, तर लहान दुर्बिणीने या ताऱ्यांचा पाठपुरावा करण्यात काही अर्थ उरतो का?

---

जुना निरीक्षक

प्रथम शब्दांविषयी, कारण पुढची सगळी चर्चा त्यावर अवलंबून आहे. आपण 'उद्रेक' आणि 'स्फोट' हे शब्द वेगवेगळे वापरले आहेत, ते योग्यच आहे, परंतु वाचकांची गल्लत होऊ शकते. उद्रेक आठवडे ते महिने टिकतो. जोडीदाराकडून आलेला वायू न्यूट्रॉन ताऱ्याभोवतीच्या तबकडीत साठत राहतो, तबकडी अस्थिर होते आणि तो वायू एकदम आत कोसळू लागतो, हे त्याचे कारण. स्फोट मात्र काही सेकंद ते एखाद-दोन मिनिटांचा असतो आणि तो न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर होतो. तेथे साठलेला हायड्रोजन आणि हेलियम यांचा थर पुरेसा दाबला गेला की त्यात अणुसंमीलनाचा भडका उडतो. अक्विला एक्स-१ मध्ये दोन्ही घडतात. उद्रेक चालू असताना मधूनमधून स्फोट होतात.

या स्फोटांचा शोध १९७५-७६ मधला आहे. डच उपग्रह एएनएस याच्या निरीक्षणांत एनजीसी ६६२४ या गोलाकार तारकागुच्छातील स्रोताकडून ते प्रथम ओळखले गेले आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या वेला उपग्रहांच्या नोंदींतही स्वतंत्रपणे सापडले. वेला उपग्रह खरे तर अण्वस्त्र चाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी सोडलेले होते. ताऱ्यावरच्या संमीलनाचे स्फोट त्यांनीच टिपावेत, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे.

दृश्य प्रकाशात मात्र यश मिळायला जून १९७८ उजाडला. चिलीतील सेरो तोलोलो येथील दुर्बीण आणि एसएएस-३ हा उपग्रह यांनी एकाच वेळी ४यू १७३५-४४ या स्रोताचा स्फोट पाहिला, आणि दृश्य प्रकाशातील झळाळी क्ष-किरणांच्या मागून सुमारे ३ सेकंदांनी आली. हे ३ सेकंद हीच या विषयाची खरी कमाई आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर त्यामुळे 'नाही' असे आहे. क्ष-किरणांचा वक्र हाती नसेल तर विलंब मोजता येत नाही, आणि विलंब नसेल तर हातात केवळ एक उंचवटा उरतो, ज्याला दहा वेगळी कारणे असू शकतात.

---

अनुस्वार

जुना निरीक्षक यांच्या प्रतिसादाला थोडे गणित जोडतो, कारण दृश्य प्रकाश उशिरा का येतो हे त्यातून आपोआप उलगडते.

स्फोटाच्या शिखरावर न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे अडीच कोटी केल्व्हिन होते. एवढा तप्त गोल दृश्य प्रकाशातही झगझगीत दिसायला हवा, असे प्रथमदर्शनी वाटते. पण त्याची त्रिज्या जेमतेम १० ते १२ किलोमीटर आहे. दृश्य तरंगलांबीवर एवढ्या उष्ण वस्तूची तेजस्विता ढोबळमानाने तापमान गुणिले त्रिज्येचा वर्ग या प्रमाणात असते. आता तबकडीचा विचार करा. तिचे तापमान ३०,००० केल्व्हिन धरले, म्हणजे न्यूट्रॉन ताऱ्याच्या सुमारे ८०० पट कमी, तरी तिची त्रिज्या ३ लाख किलोमीटरच्या घरात असते, म्हणजे क्षेत्रफळ ९० कोटी पट अधिक. भागाकार केला तर दृश्य प्रकाशात तबकडी न्यूट्रॉन ताऱ्यापेक्षा दहा लाख पट उजळ ठरते. आकडे मी गोल धरले आहेत, पण ते दुपटीने चुकले तरी निष्कर्ष बदलत नाही.

म्हणजे दुर्बिणीतून आपल्याला स्फोट दिसतच नाही. स्फोटाच्या क्ष-किरणांनी तापलेली तबकडी आणि जोडीदार ताऱ्याची स्फोटाकडे तोंड असलेली बाजू दिसते. डोंगरावर आदळून परत आलेल्या हाकेसारखा हा प्रतिध्वनी आहे. क्ष-किरण तबकडीच्या कडेपर्यंत किंवा जोडीदारापर्यंत जाऊन तेथून दृश्य प्रकाशाच्या रूपात आपल्याकडे निघतात, त्या वळणाच्या प्रवासाला लागणारा वेळ हाच विलंब. तबकडीच्या जवळच्या आणि दूरच्या भागांतून हा प्रतिध्वनी वेगवेगळ्या वेळी येत असल्याने तो केवळ उशिरा येत नाही, तर पसरटही होतो. क्ष-किरणांत स्फोट एका सेकंदात शिखर गाठत असला तरी दृश्य प्रकाशातील चढ त्यापेक्षा संथ असतो.

उजळणे किती असावे, याचाही अंदाज बांधता येतो. क्ष-किरणांचा मारा दहा पट वाढला तर तापणाऱ्या पृष्ठभागाचे तापमान दहाच्या चौथ्या मुळाने, म्हणजे सुमारे १.८ पट वाढते, आणि दृश्य प्रकाशही साधारण त्याच पटीत किंवा थोडा अधिक वाढतो. तेव्हा आपले १.४ हे प्रमाण अशक्य कोटीतले नाही, एवढे मात्र म्हणता येईल. अक्विला एक्स-१ चा कक्षाकाल १८.९५ तास आहे आणि एकूण वस्तुमान सूर्याच्या दुप्पट धरले तर दोन ताऱ्यांतील अंतर सुमारे ३२ लाख किलोमीटर, म्हणजे साडेदहा प्रकाशसेकंद (प्रकाशाला साडेदहा सेकंद लागतील एवढे) येते. एवढ्या ऐसपैस जोडीत प्रतिध्वनी चांगलाच पसरायला हवा. आपला चढ एकाच छायाचित्रात पूर्ण झालेला आहे, हे मला किंचित खटकते. अर्थात १० सेकंदांच्या छायाचित्रांतून याहून अधिक काही काढणे कठीण आहे.

---

चांदणवेल

विषय नवा असल्याने प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमस्व. हंस तारकासमूहातील सिग्नस एक्स-२ या स्रोतातही क्ष-किरण स्फोट दिसलेले आहेत आणि त्याचे दृश्य प्रतिरूप (दृश्य प्रकाशात त्याच जागी दिसणारा तारा) जवळजवळ १४.७ प्रतीचे आहे असे वाचले. सोळाव्या-सतराव्या प्रतीच्या ताऱ्यांमागे लागण्यापेक्षा त्याच्यावरच दुर्बीण रोखून बसणे सोपे नाही का?

---

अनुस्वार

प्रश्न बाळबोध मुळीच नाही. मीही एकेकाळी याच मोहात पडलो होतो. सिग्नस एक्स-२ चा कक्षाकाल ९.८४ दिवसांचा आहे. वरच्याच रीतीने अंतर काढले तर ते पावणेदोन कोटी किलोमीटरच्या पुढे, म्हणजे जवळपास ६० प्रकाशसेकंद येते. त्याचे स्फोट तर काही सेकंदांचे आणि नेहमीच्या क्ष-किरण तेजाच्या मानाने दुबळे असतात. काही सेकंदांची हाक मिनिटभरात पसरली की ती ऐकू येणे थांबते. शिवाय तेथील जोडीदार तारा मोठा आणि स्वतःच तेजस्वी असल्याने त्या प्रकाशात प्रतिध्वनीची भर नगण्य ठरते. तारा ज्या कारणामुळे तेजस्वी आहे, त्याच कारणामुळे तो या कामासाठी निरुपयोगी आहे.

याच्या नेमके उलट उदाहरण ४यू १६३६-५३ चे. कक्षाकाल ३.८ तास, अंतर साधारण १० लाख किलोमीटर, म्हणजे साडेतीन प्रकाशसेकंद, आणि तारा साडेसतराव्या प्रतीचा मंद. तरीही १९८० च्या सुमारास चिलीतील ला सिया येथून त्याचे अनेक दृश्य स्फोट टिपले गेले आणि त्यांतले काही जपानच्या हाकुचो उपग्रहाने त्याच वेळी क्ष-किरणांत पाहिले. आवळ जोडी, लहान जोडीदार, त्यामुळे प्रतिध्वनी ठसठशीत.

---

जुना निरीक्षक

अनुस्वार यांनी उल्लेखलेले ४यू १६३६-५३ आणि मी लिहिलेले ४यू १७३५-४४ हे दोन्ही दक्षिणेकडचे आहेत. नावातले शेवटचे आकडेच त्यांची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे कोनीय अंतर, सांगतात, उणे ५३ आणि उणे ४४ अंश. विषुववृत्ताच्या बऱ्याच उत्तरेला असलेल्या निरीक्षकाला ते एक तर दिसत नाहीत किंवा क्षितिजालगतच्या जाड हवेतून दिसतात. उत्तरेकडच्यांना अक्विला एक्स-१ सोयीचा आहे. सर्पेन्स एक्स-१ देखील वर येतो, पण तो एकोणिसाव्या प्रतीचा आहे आणि दोन सेकंद कोनाच्या (सेकंद कोन म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आत दुसऱ्या ताऱ्यांची गर्दी आहे, तेव्हा ३० सेंटीमीटरच्या दुर्बिणीने त्याचा नाद सोडलेला बरा. सॅक्स जे१८०८.४-३६५८ हा काही वर्षांच्या अंतराने उफाळणारा स्रोत उद्रेकात सतराव्या प्रतीच्या जवळ येतो आणि त्याचा कक्षाकाल केवळ २ तास असल्याने तो खूपच आवळ आहे. २० ऑगस्ट २०१९ रोजी नासाच्या नायसर या क्ष-किरण दुर्बिणीने त्याचा जो स्फोट पाहिला, त्यात २० सेकंदांत जवळजवळ दहा दिवसांच्या सूर्यप्रकाशाएवढी ऊर्जा बाहेर पडली होती.

आणि ज्याला दृश्य प्रतिरूपच नाही असाही एक आहे. लिलर १ या धुळीआड दडलेल्या तारकागुच्छातील 'रॅपिड बर्स्टर' हा स्रोत कधीकधी काही सेकंदांच्या अंतराने स्फोटांची माळ लावतो. ते स्फोट संमीलनाचे नसून वायू हप्त्याहप्त्याने कोसळल्यामुळे होणारे, दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यांचा प्रतिध्वनी मिळाला असता तर किती काही कळले असते. पण धूळ आडवी येते.

---

पळविपळ

चर्चा भौतिकशास्त्राकडे अधिक झुकली आहे. मी घड्याळाकडे वळतो. धागाकर्त्याने आपल्या छायाचित्रांवरील वेळ कोठून येते हे लिहिलेले नाही, आणि माझ्या मते दुर्बिणीच्या व्यासापेक्षा तीच गोष्ट अधिक निर्णायक आहे.

पुष्कळ कॅमेऱ्यांच्या संगणक-प्रणाली एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ न लिहिता छायाचित्र डिस्कवर साठवल्याची वेळ लिहितात. यूएसबी जोडणी मंद असेल तर हा फरक एका सेकंदापर्यंत जाऊ शकतो आणि तो दर छायाचित्रागणिक बदलतो. ज्या विषयात सगळा अर्थ २-३ सेकंदांच्या विलंबात आहे, तेथे असा गोंधळ परवडत नाही. संगणकाचे घड्याळ इंटरनेटवरून वारंवार जुळवून घेणे ही किमान अट आहे. जीपीएसचे स्पंद थेट कॅमेऱ्याला देता आले तर उत्तमच.

दुसरा खड्डा त्याहून फसवा आहे. उपग्रहांच्या क्ष-किरण नोंदी बहुधा पार्थिव काल या मापनात असतात, तर आपली घड्याळे समन्वित वैश्विक वेळ, म्हणजे यूटीसी दाखवतात. २०१७ च्या आरंभापासून या दोहोंत ६९.१८४ सेकंदांचा फरक आहे. तो न काढता दोन वक्र एकमेकांवर ठेवले तर खरी जोडी जुळत नाही, आणि कधीकधी खोटीच जुळते. तसेच वेळा सौरमालेच्या गुरुत्वमध्यापाशी नेण्याचा, म्हणजे प्रकाश तेथे केव्हा पोहोचला असता हे काढण्याचा संस्कार एका वक्रावर केला आणि दुसऱ्यावर केला नाही तर वर्षाच्या दिवसानुसार आठ मिनिटांपर्यंत चूक होते. दोन्हींवर करा किंवा दोन्हींवर करू नका. पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह आणि जमिनीवरील दुर्बीण यांच्यातील प्रकाशप्रवासाचा फरक सेकंदाच्या काही शतांशांचाच असल्याने येथे तो सोडून देता येतो.

आता १० सेकंदांच्या छायाचित्रांविषयी. समजा तारा साडेसतरा प्रतीचा आहे. ३० सेंटीमीटरच्या दुर्बिणीत, फिल्टर न लावता, कॅमेऱ्याची कार्यक्षमता ४० टक्के धरून, माझ्या हिशेबाने सेकंदाला सुमारे ६० फोटॉन मोजले जातील. ५ सेकंदांत ३०० फोटॉन, आणि बऱ्यापैकी काळोख्या आकाशातही मापनवर्तुळात (ताऱ्याभोवती आखलेल्या, ज्यातला प्रकाश मोजायचा त्या वर्तुळात) पार्श्वभूमीचे त्याच्या दुप्पट. म्हणजे गोंगाट साधारण ३० फोटॉनचा, आणि ताऱ्याचे मापन दहास एक इतक्या खात्रीचे. तेज दुप्पट झाले तर ते ५ सेकंदांतही लपणार नाही. आपला तारा तर सोळाव्या प्रतीचा, म्हणजे चौपट उजळ आहे. मग १० सेकंद कशासाठी? २ किंवा ३ सेकंदांची छायाचित्रे घ्या. नंतर ती जोडता येतात, पण लांब छायाचित्र नंतर तोडता येत नाही.

---

क्षितिजरेषा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पळविपळ यांच्या सूचनेनंतर मी मूळ छायाचित्रे पुन्हा उघडली आणि जे सापडले ते येथे प्रामाणिकपणे नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

वेळेची नोंद छायाचित्र साठवल्यानंतरचीच निघाली. पण ती गौण ठरली, कारण त्याहून मोठी गोष्ट समोर आली. ज्या छायाचित्रापासून तारा उजळला, त्याच्या आधी दुर्बिणीच्या अनुसरण-यंत्रणेने (आकाशाच्या गतीबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्रणेने) एक धक्कावजा दुरुस्ती केली होती आणि संपूर्ण क्षेत्र सुमारे तीन पिक्सेल सरकले होते. मापनासाठी आखलेली वर्तुळे मात्र जागीच राहिली. अक्विला एक्स-१ आकाशगंगेच्या दाट पट्ट्यात आहे. त्याच्या वर्तुळाच्या बाहेर लगतच असलेला एक तारा या सरकण्याने अर्धवट आत आला. पुढच्या सात छायाचित्रांत यंत्रणेने क्षेत्र हळूहळू मूळ जागी आणले आणि तो आगंतुक तारा बाहेर गेला. झपाट्याने चढ, संथ उतार. माझे तुलनातारे, म्हणजे तेज पडताळण्यासाठी निवडलेले स्थिर तारे, मोकळ्या जागेतले होते, त्यामुळे त्यांच्यात काहीच फरक दिसला नाही, आणि तुलनातारे स्थिर आहेत म्हणजे मापन बरोबर आहे, असे मी समजून चाललो.

वर्तुळे प्रत्येक छायाचित्रात ताऱ्यांबरोबर सरकवून पुन्हा मोजले. उंचवटा नाहीसा झाला.

---

चांदणवेल

हे वाचून वाईट वाटले, पण असा उलगडा उघडपणे लिहिल्याबद्दल आपले कौतुक वाटते. मग आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे काय? लहान दुर्बिणीने हा उद्योग सोडून द्यावा का?

---

जुना निरीक्षक

सोडून मुळीच देऊ नये. एक्सएमएम-न्यूटन या युरोपीय उपग्रहावर क्ष-किरण दुर्बिणींसोबत दृश्य आणि अतिनील प्रकाशासाठी जी दुर्बीण बसवलेली आहे, तिचाही व्यास ३० सेंटीमीटरच आहे. ती वातावरणाबाहेर आहे, हा तिचा मोठा लाभ; पण त्याच व्यासाच्या दुर्बिणीने ईएक्सओ ०७४८-६७६ या सतराव्या प्रतीच्या जवळच्या स्रोताचे स्फोट क्ष-किरणांत आणि दृश्य प्रकाशात एकाच वेळी नोंदवले गेले आहेत. तेव्हा व्यास ही अडचण नाही.

अडचण आहे ती एकाच वेळी पाहण्याची. पृथ्वीजवळून फिरणारा उपग्रह दीड तासात एक प्रदक्षिणा घालतो आणि त्यातला मोठा भाग पृथ्वी आडवी येण्यात जातो. स्फोट तर काही तासांतून एकदा, आणि तोही सांगून येत नाही. जीएस १८२६-२३८ हा एकच स्रोत अनेक वर्षे जवळजवळ घड्याळाप्रमाणे, काही तासांच्या नियमित अंतराने स्फोट होणारा म्हणून गाजला, पण तो एकोणिसाव्या प्रतीचा आहे. एक्सएमएम-न्यूटनची कक्षा लांबट, जवळपास ४८ तासांची असल्याने तो एका स्रोताकडे अनेक तास सलग पाहू शकतो. म्हणून माझी सूचना अशी की उपग्रहांची निरीक्षण-वेळापत्रके प्रसिद्ध होतात, ती पाहावीत आणि ज्या रात्री अशी सलग निरीक्षणे ठरलेली असतील त्याच रात्री दुर्बीण रोखावी. महिनाभराच्या एकाकी रात्रींपेक्षा त्या दोन रात्री मोलाच्या.

दुसरे काम याहून सोपे असून त्याला क्ष-किरणांचा वक्र त्याच क्षणी लागत नाही. उद्रेक सुरू होताना तबकडी आधी दृश्य प्रकाशात उजळते आणि क्ष-किरण मागाहून वाढतात. २०१९ मध्ये सॅक्स जे१८०८ च्या बाबतीत हे अंतर सुमारे १२ दिवसांचे आढळले. म्हणजे रोज रात्री एकदा अक्विला एक्स-१ च्या जागेचे छायाचित्र घेणारा चिकाटीचा निरीक्षक उपग्रहांच्याही आधी उद्रेकाची वर्दी देऊ शकतो. यात मिरवण्यासारखा प्रकाशवक्र हाती लागत नाही, बहुतेक रात्री तेथे केवळ काळोख असतो, आणि कदाचित म्हणूनच हे काम करणारे थोडे आहेत.

---

पळविपळ

जुना निरीक्षक यांच्या शेवटच्या परिच्छेदाला एक पुस्ती. उद्रेक नसताना अक्विला एक्स-१ च्या जागी जे अंधुक काही दिसते, ते बव्हंशी त्याच्यापासून अर्ध्या सेकंद कोनाहून कमी अंतरावर असलेल्या दुसऱ्याच ताऱ्याचे असते. ते दोन आपल्या दुर्बिणींना वेगळे दिसणारच नाहीत. त्यामुळे 'दिसतो आहे' यावर न जाता तेज वाढले का, हेच पाहावे, आणि ज्या रात्री काही दिसले नाही त्या रात्रीची मर्यादाप्रत, म्हणजे दिसू शकलेल्या सर्वांत मंद ताऱ्याची प्रत, लिहून ठेवावी.

---

क्षितिजरेषा

दोन्ही सूचना स्वीकारतो. सरकत्या वर्तुळांनी उरलेल्या सर्व रात्री पुन्हा मोजायला घेतल्या आहेत. आतापर्यंत चार रात्री झाल्या. त्यांत आणखी दोन 'स्फोट' होते आणि दोन्हींच्या आधी अनुसरणाची दुरुस्ती झालेली आहे. पुढच्या वेळी मालिका ३ सेकंदांची असेल, आणि अनुसरण-यंत्रणेची नोंदवही प्रकाशवक्राच्या खालीच, त्याच कालरेषेवर छापून मग येथे देईन.